आरती होईपर्यंत

कीर्तनाला बसलेल्या माणसानं आरतीआधी उठू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. मूल रडलं तर बाई त्याला पदराखाली घेते, म्हाताऱ्याचे पाय आखडले तर तो जागच्या जागी मांडी बदलतो, पण उठत नाही. श्रोत्यांना हा नियम, तर साथीदारांना त्याहून कडक. कीर्तनकार एक वेळ पाणी प्यायला थांबेल, पेटीवाल्याला तेवढीही मुभा नाही. सगळं कीर्तन त्याच्या सुरावर उभं असतं. नागपूरच्या जुनी शुक्रवारीतल्या राममंदिरात ज्यांनी चैत्रातली कीर्तनं ऐकली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्या मंदिरात मधुसूदन पेटी वाजवायचा. दिवसा एका कापडगिरणीत हजेरीच्या खात्यात कारकून, आणि सणावारी इंदुताईंच्या कीर्तनात साथीला. घराणं मूळचं भिवापूरकडचं, शेतकऱ्याचं. वडील रुपराव यांनी शेती बटाईनं देऊन शहरातल्या महाल वस्तीत एक घर घेतलं, मागे छोटं अंगण, अंगणात विहीर. मधुसूदन तिथंच वाढला. रुपराव लवकर गेले. मागे राहिली आई, जयवंताबाई, आणि हा एकुलता मुलगा.

जयवंताबाई हसऱ्या होत्या. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं ऐकल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्या हसल्या की आळीतल्या बायका हातातलं काम टाकून येत. भिवापूरच्या मिरच्या देठ खुडून वाळत घालताना त्या ओव्या म्हणायच्या, तेव्हा रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरायचा. मुलाच्या कानावर पडलेला पहिला सूर त्यांचाच.

पण हे किती वेळ चालेल, ते कोणाला सांगता येत नसे. मधुसूदन सहा-सात वर्षांचा असताना एकदा शेजारच्या जिजाबाईंकडे बेसनाची पाटोडी खाऊन आला आणि घरी येऊन म्हणाला, की काकूची पाटोडी मऊ होती. जयवंताबाई उठल्या. त्याचं ताट, त्याची दप्तराची पिशवी आणि दोन सदरे त्यांनी जिजाबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवले, आणि घरी येऊन आतून कडी लावली. पोरगा दार वाजवून वाजवून दमला. जिजाबाईंनी त्याला आपल्याकडे निजवलं. सकाळी जयवंताबाई स्वतः आल्या, त्याला उचलून घेतलं, आणि आपल्या घरी नेऊन मांडीवर बसवून दूधभात भरवला. भरवताना त्या रडत होत्या. तुझ्याशिवाय मले कोण हाये, असं म्हणत होत्या. तेही खरंच होतं.

असं वरचेवर व्हायचं. एका आठवड्यात जिजाबाई देवी असायच्या, दुसऱ्या आठवड्यात वैरीण. रुपरावांना कामावरून यायला उशीर झाला, की त्यांचं दुसरं घर आहे असं ठरायचं, आणि जयवंताबाई मागच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायच्या, पाय आतल्या बाजूला सोडून. रुपराव हात जोडून उभे राहायचे. त्या म्हणतील त्याला हो म्हणायचे. मग त्या उतरायच्या. पहिल्या पहिल्यांदा सगळी आळी धावली. नंतर आळीला सवय झाली. मधुसूदनला झाली नाही. शाळेत असताना कोणी सांगायला आलं, की तो पाटी टाकून पळायचा.

उपाय सगळे झाले. ताईत बांधून झाला, गावदेवीला नवस झाला, सीताबर्डीच्या एका डॉक्टरनं टॉनिकची बाटली दिली. त्या काळी आपल्याकडे या दुखण्याला नाव नव्हतं. तिचा स्वभावच तसा, एवढं म्हणून लोक गप्प बसत. त्या बाईच्या आत काय जळत होतं ते तिचं तिला आणि रामाला माहीत. आपल्याला सगळे सोडून जाणार ही एकच गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, आणि ती टाळायला ती जे जे करायची त्यानंच माणसं लांब व्हायची.

पोरानं आपल्यापुरती एक विद्या शोधून काढली. तो घरात शिरण्याआधी दाराशी उभा राहून ऐकायचा. पाण्याचा पितळी गुंड हलकेच खाली ठेवल्याचा आवाज आला, की आज बरं आहे. आपटल्याचा आला, की आज बोलायचं नाही. आवाजच नसला, तर सरळ मागच्या अंगणात पळायचं, विहिरीकडे. बांगड्यांवरून, पावलांवरून, फुंकणीच्या फुंकरीवरून त्याला आईचं मन कळायचं, तिला स्वतःला कळायच्या आधी.

हीच विद्या पुढे पेटीवर कामाला आली. गाणारा श्वास घेतो न घेतो तोच मधुसूदनची बोटं पुढच्या सुरावर पोचलेली असायची. लोक म्हणायचे, या मुलाला उपजत आहे. उपजत नव्हतं ते.

तरुणपणी तो दुसऱ्या एका मंदिरात एका नामांकित बुवांना साथ करायचा. एका गोकुळाष्टमीला आख्यान रंगात आलेलं असताना घरचे भाडेकरू मारोतराव मागच्या दारानं आले आणि त्याच्या कानात म्हणाले, की माय विहिरीवर बसली. मधुसूदन उठला. भाता उघडाच राहिला, पेटीनं एक लांब रडका सूर काढला आणि ती बसली. बुवा पद म्हणता म्हणता सुरातून घसरले, सगळ्या सभेसमोर. तिकडे हा घामानं निथळत घरी पोचला, तर जयवंताबाई ओट्यावर उकडलेल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. येतोस का नाही ते पाहून राहिली होती, म्हणाल्या, आणि मूठभर दाणे त्याच्या हातावर ठेवले. फार खुशीत होत्या त्या दिवशी. त्या मंदिरातून त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्यानं पेटीवर कापड टाकलं, ते बरीच वर्षं तसंच राहिलं.

इंदुताईंनी ते काढायला लावलं. इंदुताई म्हणजे साठीकडे झुकलेल्या, नऊवारी लुगडं, खांद्यावर उपरणं, हातात झांज, आवाज किंचित घोगरा पण काळी चारच्या पट्टीत असा ठाम की लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेला फरक पडू नये. त्यांचा पेटीवाला म्हातारा झाला तेव्हा कोणीतरी मधुसूदनचं नाव सांगितलं. दर रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे तालमीला जाऊ लागला.

चार-दोन रविवार त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा पद मध्येच थांबवून म्हणाल्या,

"मधुसूदन, तू काहून माझ्या पुढं पळून राहिला?"

तो म्हणाला, तुम्ही कुठं जाणार ते मला आधीच कळतं.

"कळते ते चांगलं आहे बाबा. पण मले जाऊ तर दे. मी चुकली तर चुकली. तू आपला षड्ज धर."

त्याला ते जमेना. इंदुताई मुद्दाम सूर सोडायच्या, तो घाबरून त्यांच्या मागे जायचा आणि पेटीचा सूर त्यांच्या चुकीला नेऊन भिडवायचा, म्हणजे चूक चूक दिसू नये. एकदा त्यांनी असाच सूर फार खाली नेला, हाही गेला, तशा त्या खळखळून हसल्या.

"घ्या, आता दोघंही विहिरीत. वर काढाले कोण राहिलं?"

त्यांनी सहज म्हटलं होतं. मधुसूदनचा भात्यावरचा हात थांबला. मग त्यानं पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. पाटोडी, ओटा, विहिरीचा कठडा, रुपरावांचे जोडलेले हात, गोकुळाष्टमी. सांगताना आईची बाजूही तोच मांडत होता. इंदुताईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. उपदेशही केला नाही, आणि उपदेश करणं हा तर त्यांचा रोजचा व्यवसाय. सगळं झाल्यावर म्हणाल्या, आता नुसता षड्ज वाजव. मी घरात कामं करते. मी काही म्हटलं, भांडलं, रागावलं तरी तू सोडू नको.

त्या दिवशी त्यांनी भाजी चिरली, मोलकरणीवर ओरडल्या, एकदा चक्क त्याच्यावरही ओरडल्या, की किती वेळ तेच ते वाजवतोस. त्याची बोटं हटली नाहीत. दुपारी त्यांनी त्याला जेवायला वाढलं. जमलं, एवढंच म्हणाल्या.

असे किती रविवार गेले कोण जाणे. माणूस एका सकाळी बरा होत नाही. पण कीर्तनात लोकांना फरक ऐकू आला. इंदुताई आता कुठेही भटकून यायच्या आणि परत आल्या की पेटी तिथंच असायची.

एका चैत्रात त्यांनी कैकेयीचं आख्यान लावलं होतं. कोपभवनाचं वर्णन करता करता त्या थांबल्या आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, की दशरथाचं प्रेम खोटं होतं का? नव्हतं. कैकेयीचं होतं का? तेही नव्हतं. पण राजानं शब्द दिला तो कोपभवनाच्या उंबऱ्यात उभं राहून दिला. अरे बाबा, आधी बाहेर ये, अंगणात जा, पाणी पी, मग काय बोलायचं ते बोल. बायका हसल्या. काही पुरुष जरा जास्तच हसले. इंदुताईंनी पेटीकडे पाहिलं नाही, पण पाण्याचा तांब्या आरतीनंतर त्यांनी स्वतः मधुसूदनच्या हातात दिला.

तोवर मधुसूदनचं लग्न झालं होतं. प्रेमलता पारशिवनीची, शेतकऱ्याघरची, मितभाषी. एक मुलगी झाली, तिला सगळे छबू म्हणत. जयवंताबाईंनी सुनेला आधी डोक्यावर घेतलं आणि मग तिचं नावही घेईनाशा झाल्या. होता होईल तेवढं सोसून मधुसूदननं रेशीमबागेकडे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. महालातलं घर आईला, मारोतरावांचं भाडंही आईला. पण बोलावणं आलं की तो जायचा, आणि एका दिवाळीत जयवंताबाई अन्न सोडून बसल्या तेव्हा तो बायकोमुलीसह पुन्हा तिथं राहायलाच गेला.

तिथं एके दिवशी गिरणीतून परत येताना त्यानं पाहिलं, की छबू बाहेर ओट्यावर उभी आहे. चार वर्षांची पोर, दाराच्या फळीला कान लावून. त्याला पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं. थोडं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, चाला. आजी आज चांगली हाये."

मधुसूदन तिथंच ओट्यावर बसला. त्याच रात्री सामान बांधायला घेतलं. प्रेमलता घड्या घालत होती. वर न पाहता ती जे बोलली, तेवढं बोलणं त्यानं तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आई आहेत तुमच्या. बोलावलं तर जा, मी अडवणार नाही. पण पुन्हा इथं राहायला आलात, तर मी छबूला घेऊन पारशिवनीला जाईन. भांडून जाणार नाही. पण तिचा कान मी असा होऊ देणार नाही."

तो हो म्हणाला. पण हो म्हणणं त्याला वडिलांकडूनच आलं होतं, आणि हे प्रेमलतालाही माहीत होतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची रामनवमी. नागपूरचा चैत्र, सकाळी दहालाच डांबर मऊ पडायला लागलेलं. मंदिराच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारलं होतं, त्यामुळे आत गारवा आणि तो ओला सुगंध. रेशमी दोरीचा पाळणा फुलांनी सजला होता. गाभाऱ्याच्या बाजूला सुंठवड्याची परात फडक्याखाली झाकलेली. बायकांच्या रांगेत प्रेमलता होती, मांडीवर छबू.

रामजन्माचं कीर्तन हे घड्याळाशी बांधलेलं असतं. बाराचा ठोका आणि जन्माचा क्षण एकत्र आला पाहिजे. कीर्तनकाराला एक डोळा देवाकडे आणि एक घड्याळाकडे ठेवून आख्यान लांबवावं किंवा आखडावं लागतं, आणि त्या सगळ्या ओढाताणीत साथ हलली तर जन्म चुकतो. इंदुताईंनी पूर्वरंग आटोपला होता, मधली हारतुरे-बुक्क्याची गडबड झाली होती, आणि पायसाची वाटी कौसल्येच्या हातात आली होती. अशा वेळी मागच्या दारानं मारोतराव आत आले.

त्यांना पाहताच मधुसूदनला कळलं. ते वाकले आणि कानाशी म्हणाले,

"मधुभाऊ, माय विहिरीवर बसली हाये. म्हणते, बारा वाजाच्या आत आला नाही त उडी मारतो. चाला जी लवकर."

बारा वाजायच्या आत. तिला कीर्तनाची वेळ ठाऊक होती. रामजन्म तिनंही याच मंदिरात, याच पाळण्याशी, हातात हात धरून त्याला दाखवला होता.

त्याचा उजवा हात पेटीवर होता. इंदुताई बोलत होत्या, खाली षड्ज चालू होता. पायांना मात्र जुनी सवय होती. डावा गुडघा आपोआप उचलला गेला होता. इंदुताईंनी ते पाहिलं. त्यांनी बोलणं थांबवलं नाही, पण झांज असलेला हात कमरेजवळ आणून दाराच्या दिशेनं किंचित हलवला. जायचं तर जा, मी सांभाळून घेईन. तेवढंच. त्यांनी त्याला अडवलं असतं तर कदाचित तो पळाला असता.

यावेळी खरं असलं तर? हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. तोच एक प्रश्न लहानपणापासून त्याला उठवत आला होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. त्या वेळीही नव्हतं. समोर बायकांच्या रांगेत प्रेमलता त्याच्याकडे पाहत होती. छबूही पाहत होती, मान किंचित वाकडी करून, कान पुढे, जशी त्या दारापाशी उभी होती तशी.

त्यानं भाता न थांबवता मान मारोतरावांकडे झुकवली.

"तुम्ही परत जा. जिजाकाकूंना घेऊन मायजवळ बसा, हात धरून बसा, सोडू नका. तिले सांगा, आरती झाली का मी येतो."

"आरती?" मारोतराव त्याच्याकडे पाहतच राहिले.

"आरती झाली का."

मारोतराव गेले. गुडघा खाली आला. इंदुताईंनी एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि पुढचं पद उचललं.

पुढचा वेळ कसा गेला ते मधुसूदनला नंतर नीट आठवलं नाही. सदरा पाठीला चिकटला होता. कौसल्येला डोहाळे लागले, राजानं काय हवं ते विचारलं, बायका हसल्या. त्याला फक्त आपल्या बोटाखालची काळी चार दिसत होती. एकदा इंदुताईंचा आवाज घोगरला आणि सूर किंचित उतरला. तो मागे गेला नाही. त्या खोकल्या, पाणी न पिता पुन्हा वर आल्या, सूर होता तिथंच होता. बाराचा ठोका पडला, कोणी शंख फुंकला, गुलाल आणि फुलं उडाली, पुजाऱ्यानं पाळण्याचा पडदा दूर केला. बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या. भर गलक्यात पेटी ऐकूही येत नव्हती. तो वाजवत होता.

आरती झाली. त्यानं भाता मिटला, चाप लावला, पेटीला नमस्कार केला. सुंठवड्याची एक पुडी घेतली. दाराशी प्रेमलता उभी होती. जाऊन येतो, म्हणाला. तिनं छबूला कडेवर घेतलं. छबूच्या कपाळावरचा गुलाल तिच्या नाकापर्यंत उतरला होता.

जुनी शुक्रवारीहून महाल लांब नाही. पण त्या उन्हात सायकलचं हँडल हाताला चटके देत होतं, आणि रस्ता मोकळा असूनही तो जोरात चालवत नव्हता. जोरात जावंसं वाटत होतं. वाटेत एका पाणपोईवर तो थांबला, ओंजळीनं पाणी प्याला, मग पुढे गेला.

घरात आवाज नव्हता. दाराशी तो क्षणभरही थांबला नाही. सरळ मागच्या अंगणात गेला.

जयवंताबाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. पाय मात्र बाहेरच्या बाजूला होते. एका बाजूनं जिजाबाईंनी त्यांचा हात धरला होता. जिजाबाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या, डोक्यावर ओला पंचा टाकून बसल्या होत्या. मारोतराव बदामाच्या झाडाखाली उकिडवे बसले होते. मधुसूदन विहिरीजवळ गेला नाही. तो मागच्या दाराच्या पायरीवर बसला, सावलीत.

जयवंताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "काहून आला आता? रामाची माय मोठी. तुही माय कोण?"

त्यानं बाहीनं मानेवरचा घाम पुसला.

"अन् मी उडी मारली असती त?"

हा प्रश्न त्यांनी आजवर खूप जणांना विचारला होता. असं बोलू नये, म्हणून सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते; रुपरावांनी तर हात जोडले होते. उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं.

"त मी जन्मभर रडलो असतो, माय," मधुसूदन म्हणाला.

जयवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अंगणात साळुंकी ओरडत होती. जिजाबाईंनी त्यांचा हात थोपटला. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला, त्याला ओळखीचा तो दुसरा चेहरा वर आला, मऊ, पाण्यानं भरलेला. त्या कठड्यावरून उतरल्या.

"किती वाळला तू," त्या म्हणाल्या. "चाल, सामान घेऊन ये आजच. छबूले आण. पाटोडी करतो मी. मी काही म्हणणार नाही तुह्या बायकोले, रामाची शपथ."

हे सगळ्यात अवघड होतं, विहिरीहून अवघड. त्या आत्ता खरं बोलत होत्या. आत्ता त्यांना खरंच पाटोडी करायची होती. मधुसूदन उठून अंगणातल्या रांजणाकडे गेला, पेल्यात पाणी घेतलं, आईला दिलं, मग स्वतः प्याला. पाणी पिऊन झाल्यावर बोलला.

"राहाले येत नाही, माय. गुरुवारी येतो, गिरणी सुटली का. दर गुरुवारी येत जाईन. तू हसत असली तरी, रडत असली तरी. बोलावलं म्हणून येणार नाही."

जयवंताबाईंचा पेला हातातच राहिला. मग चेहरा पुन्हा मिटला. त्यांनी पेला विहिरीवरच्या दगडावर आपटला, तो गडगडत मारोतरावांच्या पायाशी गेला. येऊच नको, म्हणाल्या. गुरुवारी नको, शुक्रवारी नको, मेल्यावर नको.

मधुसूदननं सुंठवड्याची पुडी पायरीवर ठेवली. जिजाबाईंच्या पाया पडला, मग आईच्या. तिनं पाय मागे घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. गुरुवारी येतो, असं तो पुन्हा म्हणाला, त्याच आवाजात, आणि निघाला. मधल्या खोलीत असताना मागे कागदाचा आवाज झाला. पुडी उघडली की फेकली, ते त्यानं वळून पाहिलं नाही. सायकल काढून त्यानं रेशीमबागेची वाट धरली.

गुरुवारी तो गेला. दार बंद होतं. ओट्यावर बसला, अंधार पडायला लागला तसा हाक मारून सांगितलं की पुढच्या गुरुवारी येतो, आणि परत आला. पुढच्या गुरुवारीही बंद. जिजाबाईंनी आपल्या ओट्यावरून सांगितलं, की बारा वाजल्यापासून विचारून राहिली होती, आज वार कोणता म्हणून. पावसाळ्याच्या तोंडाशी एका गुरुवारी दार उघडं मिळालं. जयवंताबाई मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त समोरचं सूप पायानं त्याच्याकडे सरकवलं. दोघं देठं खुडत बसले. त्या दिवशी भांडण झालं नाही. त्यानंतर पुष्कळदा झालं. विहिरीवर त्या अजून दोनदा बसल्या, पुढे बसल्या नाहीत. कशानं ते आपल्याला सांगता येत नाही. तो गुरुवारी येत राहिला, एवढं आळीनं पाहिलं.

रामनवमीच्या त्याच दुपारी मात्र तो रेशीमबागेला परतला तेव्हा प्रेमलता उपासाच्या जेवणाची पानं मांडत होती. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते, पिशवी नव्हती, तिकडे राहायला चला असा निरोप नव्हता. ती आत गेली आणि तिच्या हातून पितळी झाकण निसटलं. ते फरशीवर पडलं, एका काठावर उभं राहिलं, गरगर फिरत मोठ्या आवाजात बराच वेळ वाजत राहिलं.

मधुसूदन होता तिथंच थबकला. तो छबूकडे बघायला लागला.

छबू खिडकीत बसून कपाळावरचा गुलाल बोटानं पुसून बाहुलीला लावत होती. झाकण वाजत वाजत शांत झालं. तिनं मान वर केली नाही.